‘प्रत्याख्येय’ म्हणजे परित्याग नव्हे : बळावलेल्या कर्करोगात वैद्य आणि रुग्ण



कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सालय चालविणाऱ्यांना एक प्रसंग चांगला परिचित आहे. दुपारची गर्दी ओसरल्यावर दोघे-तिघे नातेवाईक आत येतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नागपूरच्या रुग्णालयाची जाड फाईल असते. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो. दार लोटून घेत थोरला मुलगा हळू आवाजात म्हणतो, “डॉक्टरसाहेब, आता घरी न्या म्हणून सांगतलं त्यांनी. बाबाले काही सांगू नका. तुमच्याकडचं काही असन तर द्या.”

फाईल वाचून आपल्याला रोगाची अवस्था कळते. पुढचा विचार बहुधा औषधाचा होतो. कोणता कल्प द्यावा, अनुपान काय, पथ्य काय, हे प्रश्न मनात येतात आणि ते योग्यच आहेत. परंतु त्या रुग्णाचे उरलेले महिने कसे जातील हे केवळ कल्पावर ठरत नाही. आपण त्याच्याशी काय बोलतो, काय लपवितो, पुन्हा त्याच्या घरी जातो की नाही, यावरही ते ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. कर्करोग निर्मूल करणाऱ्या औषधांची चर्चा येथे अभिप्रेत नाही.

शास्त्रातील दोन शब्द

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण आहेत. रोग्याच्या चार गुणांत स्मृती, वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि ‘ज्ञापकत्व’ म्हणजे आपली पीडा नीट सांगता येणे, यांचा समावेश होतो. यातील शेवटचे दोन गुण रुग्ण घरून घेऊन येतो असे आपण समजतो. वास्तविक ते बऱ्याच अंशी वैद्यासमोरच उत्पन्न होतात किंवा नष्ट होतात. ज्याच्याशी सारेच खोटे बोलत आहेत तो निर्भय कसा राहील? ज्याचे बोलणे अर्ध्यात तोडले जाते तो आपली वेदना कशी सांगेल?

याच अध्यायात वैद्याची चतुर्विध वृत्ती आली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, शक्य त्या ठिकाणी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. टीकाकार ‘प्रकृतिस्थ’ या पदाचा अर्थ येथे मरणोन्मुख असा लावतात. मराठीत ‘उपेक्षा’ हा शब्द हेळसांड या अर्थाने रूढ झाल्यामुळे मोठा गैरसमज होतो. मृत्यू ज्याच्या समीप आहे त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, असा आशय तेथे मानण्याचे कारण नाही. कारुण्य हा आदला गुण तेवढ्यात रद्द झालेला नाही. वैद्याने त्या मरणाने स्वतः कोसळून जाऊ नये, तसेच अट्टहासाने उपचारांचा मारा करू नये, एवढी तटस्थता त्यातून घ्यावी असे आम्हास वाटते.

दुसरा शब्द ‘प्रत्याख्येय’. दहाव्या अध्यायात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे भेद येतात. असाध्य व्याधी बरा करण्याच्या भरीस पडणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, असा इशाराही तेथे आहे. या इशाऱ्याचा आधार घेऊन अनेक जण अशा रुग्णाला दारातूनच परत पाठवितात. पण आपल्याच परंपरेत ‘प्रत्याख्याय क्रिया’ ही संकल्पना आहे. असाध्यता वा संशय स्पष्ट सांगून, मग जे करता येईल ते करणे, असा तिचा अर्थ. चिकित्सास्थानातील उदर अध्याय पाहावा. इतर उपाय थकल्यावर विषप्रयोगासारखे धाडसी कर्म करण्यापूर्वी वैद्याने रुग्णाचे ज्ञाती, सुहृद, पत्नी, गुरू आदींना परिस्थिती सांगावी, यश संशयित आहे हे बोलून दाखवावे आणि त्यांची अनुज्ञा घ्यावी, असे तेथे विधान आहे. सुश्रुताचार्यही अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी अशीच अनुमती घेण्यास सांगतात. म्हणजे नाकारायचे असते ते बरे करण्याचे आश्वासन. रुग्णाला नाकारायचे नसते.

सांगावे की न सांगावे?

यावर एक आक्षेप हमखास येतो. चरकसंहितेच्याच इंद्रियस्थानाच्या अखेरीस सांगितले आहे की, मृत्यूची लक्षणे दिसली तरी वैद्याने न विचारता ती बोलू नयेत. आणि विचारले तरी, ज्यामुळे रुग्णाला किंवा अन्य कोणाला आघात होईल तेथे बोलू नये. विमानस्थानातील शिष्योपदेशातही हीच मर्यादा आहे. मग सत्य सांगण्याचा आग्रह शास्त्रविरुद्ध नाही काय?

आमच्या मते हे वचन काळजीपूर्वक वाचले पाहिजे. ते वैद्याला अविचाराने बोलण्यापासून रोखते. खोटे बोलण्याची मुभा देत नाही. ‘तुम्ही इतके दिवस जगाल’ असे भाकीत न करणे वेगळे आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणणे वेगळे. शिवाय त्या वचनाचा सारा भार ‘आघात होईल तेथे’ या अटीवर आहे. बोलण्याने आघात होईल की न बोलण्याने, हे त्या त्या रुग्णापाशी बसल्याशिवाय कसे कळणार? विमानस्थानातच, जो ज्ञानरूपी दिवा घेऊन रुग्णाच्या अंतरात्म्यात शिरत नाही तो रोगांची चिकित्सा करू शकत नाही, अशा आशयाचे वचन आहे. ‘आतुरपरीक्षा’ नाडी, जिव्हा आणि मल-मूत्र यांपाशी संपत नाही.

आमची एक चूक

येथे आमच्या हातून घडलेला एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पंचक्रोशीतील एक संत्रा-बागायतदार मुखाच्या कर्करोगाने ग्रस्त होते. खर्ऱ्याचे व्यसन जुने. शस्त्रकर्म व किरणोपचार झाल्यावर दोन वर्षांनी व्याधी पुन्हा उद्भवला आणि मानेत पसरला. दिवाळीनंतर ते आमच्याकडे येऊ लागले. घरच्यांची अट तीच : त्यांना काही सांगू नका. आम्ही ती मान्य केली. रुचिवर्धक व बल्य औषधे दिली, गिळता येईल असा पातळ आहार सांगितला. त्यांना थोडा आरामही पडला.

एके दिवशी मुलगा दुकानात गेलेला पाहून त्यांनी विचारले, “मृगाच्या बहाराची तोड होईपर्यंत मी राहीन काय? सायेब, पोरं माह्यासंग खोटं बोलून राहिले. तुमी तरी नका बोलू.” तोड फेब्रुवारी-मार्चमधली. आमच्याजवळ त्या क्षणी उत्तर होते, निदान अंदाज तरी होता. आम्ही म्हणालो, “असं मनात आणू नका. औषध लागू पडतंय. बरं वाटेल.” ते काही वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि मग औषधाची पुडी खिशात घालून उठले. त्यानंतर ते आमच्याशी केवळ जेवणा-झोपेविषयी बोलत. जानेवारीत ते गेले. बागेचा सौदा व्यापाऱ्याशी कधी करावा, लेकीच्या नावावर काय ठेवावे, कोणाचे देणे आहे, हे त्यांना विचारायचे व सांगायचे होते, हे पुढे त्यांच्या पत्नीकडून कळले. भावा-बहिणीत त्या शेतावरून जो वाद सुरू झाला तो पुष्कळ दिवस मिटला नाही.

आम्ही त्यांना आघातापासून वाचविले, असे तेव्हा समजत होतो. प्रत्यक्षात आघात झालेलाच होता. आम्ही त्यांना त्यात एकटे सोडले. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. त्या दिवशी त्यांच्या विषादात आमची भर पडली.

आधुनिक अभ्यास काय सांगतात?

या विषयावर गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत पद्धतशीर अभ्यास झाले आहेत. त्यांपैकी तीन आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला २००८ चा. अमेरिकेतील अनेक केंद्रांवर बळावलेल्या कर्करोगाचे ३३२ रुग्ण व त्यांचे शुश्रूषक यांचा मागोवा घेण्यात आला. आयुष्याच्या अखेरीविषयी डॉक्टरांशी बोलणे झालेल्या रुग्णांमध्ये खिन्नता वा चिंता अधिक आढळली नाही. उलट अखेरच्या आठवड्यात कृत्रिम श्वसन, अतिदक्षता विभाग यांसारखे उपाय त्यांच्या वाट्याला कमी आले; आणि असे उपाय जेथे झाले तेथे रुग्णाचे जीवनमान खालावलेले तर होतेच, पण मागे राहिलेल्या शुश्रूषकांनाही नंतर अधिक मानसिक त्रास झाला.

दुसरा अभ्यास २०१० चा, बोस्टन येथील. फुप्फुसाचा कर्करोग इतरत्र पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर अगदी आरंभापासून उपशामक चिकित्सकांच्या नियमित भेटी देण्यात आल्या. या भेटींत लक्षणांचे शमन होत असे. त्याचबरोबर रुग्णाशी नाते जोडणे, त्याला आजार किती कळला आहे हे पाहणे, घरच्यांना आधार देणे हेही होत असे. या गटातील रुग्णांचे जीवनमान चांगले राहिले आणि खिन्नता कमी आढळली. आयुर्मानही मध्यम हिशेबाने ८.९ ऐवजी ११.६ महिने भरले. आयुर्मानवाढ पुढील प्रत्येक अभ्यासात दिसली असे नाही, म्हणून तिचा डांगोरा पिटू नये. जीवनमानातील सुधारणा मात्र पुढेही अनेक अभ्यासांत आढळली आहे.

तिसरा अभ्यास २०१२ चा, आणि तो आपणांस अंतर्मुख करणारा आहे. शरीरात पसरलेल्या कर्करोगासाठी रासायनिक चिकित्सा घेणाऱ्या ११९३ रुग्णांना विचारण्यात आले की, या उपचाराने आपण बरे व्हाल असे वाटते काय? ही चिकित्सा रोग निर्मूल करण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे फुप्फुसाच्या कर्करोगातील ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील ८१ टक्के रुग्णांच्या ध्यानी आलेले नव्हते. विशेष म्हणजे ज्यांनी ‘आमचे डॉक्टर फार छान बोलतात’ असे सांगितले, त्यांच्यात हा गैरसमज अधिक होता.

या शेवटच्या निष्कर्षाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. वैद्याजवळ वेळ असतो, भाषा घरची असते, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते. रुग्ण आपल्यावर विश्वास ठेवतो. सुश्रुताचार्य म्हणतात त्याप्रमाणे माता, पिता, पुत्र यांच्याविषयीही शंका घेणारा रुग्ण वैद्यावर मात्र निःशंक स्वतःला सोपवितो. परंतु गोड बोलणे म्हणजे चांगले नाते नव्हे. लोक आपल्याला ‘हाताला गुण आहे’ म्हणतात तेव्हाच भलती आशा पेरली जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

रुग्णालय आणि वैद्य यांच्या मध्ये

आपल्या भागातील बहुतेक कर्करुग्ण नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, अथवा अलीकडे जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये उपचार घेतात. त्यांपैकी कित्येक जण त्याच वेळी आपली औषधेही घेतात आणि हे तेथे सांगत नाहीत. ‘ते रागावतील’ ही भीती असते. तेथे काय चालू आहे हे आपल्यालाही पुरते सांगत नाहीत. परिणामी रुग्ण दोन्ही ठिकाणी अर्धे बोलतो आणि दोन्ही बाजूंचे चिकित्सक अर्ध्या माहितीवर निर्णय घेतात. रासायनिक चिकित्सेने यकृत व वृक्क दुर्बल झाले असता एखादा भस्मकल्प किंवा बहुद्रव्यी काढा अपाय करू शकतो, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून आपली औषधयोजना स्पष्ट अक्षरांत लिहून रुग्णाच्या फाईलमध्ये ठेवावी आणि ‘हे तिकडे दाखवा’ असे आपणच सांगावे. यात कमीपणा कसला? रुग्णाच्या मनावरचे एक ओझे त्याने उतरते.

जेथे रोग अद्याप साध्य आहे तेथे तर आपली जबाबदारी अधिक कडक आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न पसरलेल्या कर्करोगात प्रस्थापित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका तुलनेने अडीचपट आढळला. त्यात आपल्या शास्त्राचा स्वतंत्र विचार नव्हता, असे म्हणता येईल. तरीही ‘शस्त्रकर्म नको, पुड्या द्या’ म्हणणाऱ्या रुग्णाला होकार देण्यापूर्वी हा आकडा आठवावा. आपल्यावरील विश्वासाचा पहिला उपयोग त्याला योग्य ठिकाणी वेळेवर पोहोचविण्यासाठी व्हावा.

वेदना आणि मॉर्फिन

असह्य वेदना असताना नात्याच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे. डेम सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले आणि शरीर, मन, कुटुंब व श्रद्धा या सर्वांना व्यापणाऱ्या ‘संपूर्ण वेदने’ची कल्पना मांडली. आपल्या राज्यात मुंबईचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्याच्या वारजे येथील सिप्ला उपशामक केंद्र १९९७ पासून हे कार्य करीत आहे. तीव्र कर्कवेदनेत तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून पुरस्कारिलेले औषध आहे. २०१४ च्या कायदेदुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते उपलब्ध करणे सुलभ झाले. ‘अफूची सवय लागेल’ या भीतीने नातेवाईक ते बंद करतात आणि आपणही कधी कधी मान डोलावतो. तसे करू नये. त्याने होणारा मलावष्टंभ, अरुची, मुखशोष यांवर आपण, तेथील चिकित्सकांना कळवून, निश्चित साहाय्य करू शकतो.

औषधालयांची जबाबदारी

औषधी दुकानांच्या संचालकांना या विषयात आपला काय संबंध, असे वाटेल. पण फाईल घेऊन आलेला मुलगा पुष्कळदा वैद्याआधी दुकानातच विचारतो, “कॅन्सरवर काही हाय का?” त्या प्रश्नाला मिळणारे उत्तर हीदेखील चिकित्साच आहे. १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. त्यावर उपचार होतो अशी औषधाची जाहिरात हा गुन्हा ठरतो. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, महागडा डबा काउंटरवर ठेवताना त्या घरावर आधीच किती कर्ज झाले आहे याचा विचार व्हावा. ‘याने बरे होईल’ असे न म्हणता ‘वैद्यांना दाखवा, फाईल सोबत न्या’ एवढे सांगणारा दुकानदार त्या कुटुंबाचे मोठे हित करतो.

व्यवहारात काय करावे?

आमच्या अनुभवातून काही गोष्टी नम्रपणे मांडतो.

१) प्रथम ऐकावे. ‘तुम्हाला आजाराविषयी काय सांगितले आहे?’ आणि ‘आणखी किती जाणून घ्यावेसे वाटते?’ हे दोन प्रश्न स्वतः रुग्णाला विचारावेत. कित्येकांना सारे ठाऊक असते. काहींना जाणून घ्यायचे नसते. त्यांच्यावर सत्य लादू नये.

२) ‘सांगू नका’ म्हणणाऱ्या नातेवाइकांवर रागावू नये. त्यांचे कारण प्रेमच असते. ‘मी आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी सरळ विचारले तर खोटेही बोलणार नाही,’ हे पहिल्या दिवशीच त्यांना सांगावे.

३) दिवस-महिने मोजून देऊ नयेत. ‘आजार हटणार नाही, पण त्रास कमी करता येईल आणि मी येत राहीन,’ हे वाक्य खरे आहे आणि धीर देणारेही आहे.

४) वेळ नाही ही सबब पुरी नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डॉक्टरांच्या सुमारे चाळीस सेकंदांच्या सहानुभूतीच्या शब्दांनी पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता घटल्याचे आढळले. तो चित्रफितीवरील प्रयोग होता, तरी त्यातील बोध घेण्यासारखा आहे.

५) औषध संपले तरी भेट थांबवू नये. गिळणे बंद झालेल्या रुग्णाच्या घरी जाऊन पाच मिनिटे बसणे, हात हातात घेणे, शुश्रूषा करणाऱ्या सुनेला ‘तुम्ही जेवलात का?’ असे विचारणे, हे सत्त्वावजयाचेच अंग आहे. उपस्थाता हा चिकित्सेचा पाद आहे. तो खचला तर चिकित्सा खचते.

६) पैशाविषयी पारदर्शी असावे. ज्या औषधाने आता लाभ नाही ते स्वतःहून बंद करावे.

बागायतदारांच्या प्रसंगानंतर काही वर्षांनी स्तनाचा कर्करोग अस्थींत पसरलेल्या एक आजी आमच्याकडे आल्या. मुलाची अट नेहमीचीच होती. या वेळी आम्ही आजींना आधी विचारले. त्या म्हणाल्या, “मले सप्पा मालूम हाय. पण पोराले सांगू नका, तो खचून जाईन.” मायलेक दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होते. दोघांच्या संमतीने आम्ही त्यांना एकत्र बसविले. दोघेही रडले, आणि मग आजींनी आपली इच्छा सांगितली : धापेवाड्याच्या विठोबाचे दर्शन. नागपूरच्या केंद्रातून वेदनाशामक औषधाची मात्रा ठरवून घेतली आणि पुढच्या आठवड्यात गाडी करून घरचे सारे त्यांना घेऊन गेले. त्यांचा रोग आमच्या औषधाने हटला नाही. त्या गेल्या त्या स्वतःच्या घरी, मुलाशी बोलता बोलता. तेराव्यानंतर मुलगा भेटायला आला तेव्हा औषधाविषयी एक शब्दही बोलला नाही. “तुम्ही त्या दिवशी आमाले बोलाले लावलं,” एवढेच म्हणाला.

बरे करता येत नाही अशा ठिकाणीही वैद्याचे कर्म शिल्लक असते. ते आपल्या शास्त्रात आहे आणि आपल्या हातीही आहे. या विषयावरील आपले अनुभव, विशेषतः आमच्याहून भिन्न असलेले, सभासदांनी पुढील अंकासाठी अवश्य कळवावेत. इत्यलम्.